जुना ट्रक घाटात ओढत नाही, न्यूट्रलला मात्र ठणठणीत: डिझेलचं प्रेशर कुठे पडतं ते कसं शोधायचं

खंडाळ्याकडून खंबाटकी चढताना किंवा चिपळूणकडून कुंभार्ली चढताना भरलेला ट्रक दुसऱ्या गिअरवर येतो, मग पहिल्यावर येतो आणि शेवटी जागेवरच दम सोडतो. खाली उतरून बॉनेट उघडलं की इंजिन न्यूट्रलला व्यवस्थित चालतंय. ड्रायव्हर म्हणतो 'पंप गेला', मालक पंप खोलायला पाठवतो, आठ दिवस गाडी उभी राहते, मोठं बिल येतं आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. कारण पंप गेलेलाच नसतो. पंपापर्यंत डिझेल पुरेसं पोचत नसतं.

खालची सगळी माहिती जुन्या, इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरचा एलिमेंट एका रांगेत असलेला इंजेक्शन पंप) गाड्यांसाठी आहे. म्हणजे ६९७ इंजिनाचे टाटा, जुने लेलँड, ४०७ आणि त्या काळातल्या बाकीच्या गाड्या. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण गॅरेजमध्ये अजून 'मायको पंप'च म्हणतात. तोच हा पंप. कॉम्प्युटर आणि कॉमन रेल (सगळ्या नोजलना डिझेल देणारी एकच जास्त प्रेशरची नळी) असलेल्या गाडीला यातलं नळ्या ढिल्या करायचं काहीही लावू नका. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, आणि ती धार हाताच्या कातडीतून आत शिरते.

लक्षणं

डिझेल कमी पडत असेल तर सहसा असं दिसतं:

- सपाटीला गाडी बरी चालते, चढाला किंवा ओव्हरटेक करताना पिकअप मरतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आवाज वाढत नाही.
- रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी आठ-दहा सेल्फ मारावे लागतात. सुरू झाली की दोन मिनिटं चालते, हुंदके देते, कधी बंदच पडते. हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारला की परत चालते.
- इंजिनचा वेग आपोआप वर-खाली होतो.
- फिल्टर बदलला की दोन-चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तीच तक्रार.
- टाकी भरलेली असताना त्रास नाही, अर्ध्याच्या खाली गेली की सुरू.

धुराकडे नीट बघा, त्याला पैसे लागत नाहीत. ताकद नाही आणि धूरही नाही, किंवा अगदी फिका धूर, तर डिझेल कमी पडतंय. ताकद नाही आणि काळाकुट्ट धूर निघतोय, तर डिझेल पोचतंय पण ते जाळायला हवा नाही: एअर फिल्टर, टर्बोच्या नळ्या, नाहीतर नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) बघा. काळ्या धुराच्या गाडीत फीड पंपात (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) दोष शोधत बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं. पांढरा धूर आणि मिसिंग असेल तर हवा किंवा पाणी डोक्यात ठेवा. थंडीला दोष देऊ नका. सातारा-सांगलीच्या थंडीने डिझेल गोठत नाही. सकाळी गाडी लागत नाही ती बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा शिरल्यामुळे.

घाटातच का?

न्यूट्रलला असं इंजिन तासाला साधारण दीड-दोन लिटर डिझेल घेतं. भरलेल्या लोडवर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला तेच इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर मागतं. त्यामुळे अर्धा तुंबलेला फिल्टर न्यूट्रलला आणि सपाटीला काहीच बोलत नाही. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन 'सगळं ओके' म्हणणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो, त्याने लोडच दिलेला नसतो.

डिझेलचा रस्ता असा: टाकीतली जाळी, सक्शन नळी, फीड पंप (इंजेक्शन पंपाच्या कुशीला बसवलेला, त्यावरच हँड प्रायमर), पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, इंजेक्शन पंपाची गॅलरी (पंपात डिझेल जमा होणारी पोकळी), आणि तिथून ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून जास्तीचं डिझेल परत टाकीत. फीड पंपाच्या आधीचा भाग डिझेल ओढतो, नंतरचा ढकलतो. ढकलणाऱ्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळतं आणि दिसतं. ओढणाऱ्या बाजूला भोक पडलं तर हवा आत जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. या तक्रारीच्या बहुतेक गाड्यांचं मूळ ओढणाऱ्या बाजूला किंवा फिल्टरमध्ये निघतं, म्हणून तपासणी टाकीकडून पंपाकडे करायची. उलटी नाही.

आधी हाताने आणि डोळ्याने

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगडाची उटी. बिडी-सिगारेट लांब.

टाकीचं झाकण उघडा. गाडी तासभर चालवून आल्या आल्या झाकण सैल करा आणि कान द्या. 'फुस्स' करून हवा आत गेली, तर झाकणातलं श्वासाचं भोक बुजलंय. डिझेल जाईल तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती येत नसेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंप त्या पोकळीशी कुस्ती खेळतो. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे चोरीच्या भीतीने बसवलेलं बाजारातलं कुलुपाचं झाकण, किंवा डिझेल उसळू नये म्हणून झाकणाखाली घातलेली प्लास्टिकची पिशवी. झाकण अर्धवट सैल ठेवून दहा-पंधरा किलोमीटर चालवा. त्रास गेला तर काम झालं, भोक तारेने साफ करा.

मग दोन वायर बघा. एकाने केबिनमध्ये अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबायचा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर स्टॉपरला टेकतो का ते बघायचं. लिंकेजचे बुश झिजले की पाय खाली टेकतो, लिव्हर मात्र पाऊण वाटेवर थांबतो. दुसरी वायर इंजिन बंद करायची. ती गंजून अर्धी ओढलेली राहिली तर पंप पूर्ण डिझेल देऊच शकत नाही. लिव्हर हाताने 'चालू' बाजूला ढकलून बघा. हे प्रेशरचं दुखणं नव्हे, पण लक्षण तंतोतंत तेच.

प्रायमरची मूठ. वापरून झाल्यावर दाबून, फिरवून घट्ट बसवायची असते. रस्त्यात कुणीतरी हवा काढली आणि मूठ सैलच सोडली, तर तिथून हवा शिरते.

पाणी आणि गाळ

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी आणि सेडिमेंटरच्या (पाणी-गाळ वेगळा करणारा भाग) वाटीत बसतं. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सुरू करायच्या आधी खालचे ड्रेन प्लग उघडून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा. दहा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा वेगळा थर, मध्ये काळा-तपकिरी जाळीसारखा पदार्थ किंवा तांबूस गाळ दिसला तर निदान अर्धं झालं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा.

ऊसपट्ट्यातल्या गाड्यांना हे हमखास होतं. पावसाळ्यात ट्रक चार महिने उभा, टाकीत जेमतेम वीस लिटर. मोकळ्या पत्र्याला आतून दव धरतं, पाणी खाली उतरतं, पत्रा गंजतो. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की पहिल्या पंधरा दिवसांत तोच गंज फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून गाडी हंगामानंतर उभी करताना टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी. पैसे अडकतात हे खरं, पण टाकी वाचते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात बुडालेली गाडी घेतली असेल, तर टाकी आतून बघितल्याशिवाय दुसरं काही करूच नका. श्वासाच्या भोकातून पुराचं पाणी आणि गाळ आत गेलेला असतो आणि वरवरच्या धुण्याने तो निघत नाही.

फिल्टर

दोन फिल्टर असतात. काही जुन्या गाड्यांत पहिला कापडी आणि दुसरा कागदी असतो. कापडी एलिमेंट स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन परत वापरता येतो. कागदी धुवायचा नाही, फुंकायचाही नाही. कॉम्प्रेसरची हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि मग धूळ थेट पंपाच्या एलिमेंटमध्ये (डिझेल दाबणारा आतला भाग) जाते. फिल्टर वाचवून पंप घालवायचा हा सौदा आहे.

किती किलोमीटरला बदलायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पण शेतातल्या रस्त्यावर आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत धुळीत उभ्या राहणाऱ्या, बॅरलमधून डिझेल भरणाऱ्या गाडीला ते अंतर निम्मं समजा.

जुना फिल्टर फेकू नका, कापून उघडा. तांबूस पूड निघाली तर टाकी गंजलीय. काळा, बुळबुळीत, वास मारणारा चिखल म्हणजे पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे जंतू; गाडी बराच काळ पाण्यासकट उभी होती. मेणचट, फुगलेला कागद आणि सैल पडलेली रबर सीलं दिसली तर डिझेलमध्ये भेसळ किंवा 'बायोडिझेल' म्हणून विकलं जाणारं सुटं तेल असण्याचा संशय घ्या. या तिन्हींत नुसता फिल्टर बदलून गाडी पुन्हा चारच दिवस चालेल.

बसवताना: वाटीतलं जुनं रबर सील काढलंय याची खात्री करा. जुन्यावर नवं बसलं की हवा शिरणारच. मधल्या बोल्टचा वायसर नवा घाला. फिरकीचा फिल्टर असेल तर सीलला डिझेलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. आणि दुसऱ्या फिल्टरमध्ये वरून डब्यातलं डिझेल ओतू नका. ते गाळलेलं नसतं आणि पुढे फक्त पंप आहे. भरायचं ते प्रायमरने भरा.

हवा काढणं, आणि प्रायमर काय सांगतो

पहिल्या फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, बुडबुडे जाऊन सलग धार येईपर्यंत प्रायमर मारा, प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर. मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. हाच क्रम, उलटा केलात तर मागची हवा पुन्हा पुढे येते. तरीही सुरू झाली नाही तर नोजलच्या दोन-तीन नळ्यांची नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल पाझरायला लागलं की आवळा. इथे हात धारेसमोर आणू नका, डोळ्यांना चष्मा हवा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर डिझेलचं दुखणं राहील बाजूला आणि सेल्फ जळेल.

या सगळ्या प्रकारात प्रायमर हे सर्वांत स्वस्त मीटर आहे, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. हाताला काय जाणवतं ते बघा.

मूठ वर ओढताना जड जाते आणि सोडली की खाली खेचली जाते: ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी चोक आहे. टाकीची जाळी, चेपलेली नळी, आतून सोललेला होज.

ब्लीडिंग स्क्रू उघडा असूनही खाली दाबताना जड जाते: स्क्रूच्या आधी, म्हणजे फिल्टरमध्ये चोक.

वर-खाली दोन्हीकडे हलकी, पोकळ वाटते, पन्नास वेळा मारूनही टणक होत नाही: एकतर ओढणाऱ्या बाजूने हवा येतेय, किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह धरत नाहीत.

सगळे स्क्रू बंद करून मारल्यावर वीस-तीस झटक्यांत टणक होते: इथपर्यंत ठीक. मग अर्धा तास थांबून पुन्हा मारा. पुन्हा पोकळ झाली तर डिझेल मागे टाकीत उतरतंय, म्हणजे हवेचा शिरकाव आहे.

हवा कुठून येते

फीड पंपाच्या आधीच्या नळीचा एक-दीड फुटाचा तुकडा काढून तिथे डिझेलला चालणारी पारदर्शक नळी लावा, दोन्हीकडे क्लिप आवळून. इंजिन चालू करा. सुरुवातीचे काही बुडबुडे जातील. पाच मिनिटांनंतरही बारीक बुडबुड्यांची माळ चालू राहिली, आणि रेस दिल्यावर ती वाढली, तर हवा टाकी आणि या नळीच्या मधूनच येतेय. बुडबुडे नाहीत पण रेस देताच नळी आत ओढली जाते, चपटी होते, तर हवा नाही, चोक आहे.

संशयित जागा ठरलेल्या आहेत. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर पहिले. ते एकदा दबले की कडक होतात, दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. अडचणीत लाल तापवून पाण्यात टाकून मऊ करता येतात, पण नवे वायसर दोन चहाच्या पैशात मिळतात, बोल्टच्या मापाचे मूठभर गाडीतच ठेवा. गळती थांबवायला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: टेपचा सुटलेला तुकडा फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतो आणि मग ते दुखणं शोधायला आणखी दोन दिवस जातात. साबण चोळणं किंवा एम-सील लावणं हे घरी पोचण्यापुरतं, आणि तेही कोरड्या जागेवर.

दुसरा, रबरी होज. बाहेरून चकचकीत, आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो. हळू चालवताना डिझेल जातं, जोरात ओढलं की झडप बंद. वाकवून डोळ्यासमोर धरा, आत बघा. दहा वर्षांचा होज असेल तर बघत बसू नका, बदला.

तिसरा, चॅसिसवरून जाणारी लोखंडी नळी. क्लॅम्प तुटला की नळी चॅसिसला घासते आणि तिथे केसाएवढी चीर पडते. मातीच्या थराखाली दिसत नाही. नळी पूर्ण पुसा.

चौथी जागा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: फीड पंपात डिझेल शिरतं त्या तोंडाशी, काही गाड्यांत खाली काचेच्या वाटीत, एक बारीक जाळी असते. फिल्टर दरवेळी बदलतात, ही वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. काढा, ब्रशने डिझेलमध्ये धुवा, वाटीचं सील नवं घाला.

कॅनची चाचणी

फीड पंपाची सक्शन नळी सोडवून दुसऱ्या स्वच्छ नळीने वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये. नाहीतर जास्तीचं डिझेल टाकीत जाईल आणि कॅन भराभर रिकामा होईल. कॅन टाकीच्याच उंचीला, सायलेन्सरपासून लांब, बांधून ठेवा. टाकीपेक्षा खूप उंच ठेवलात तर डिझेल आपोआप उतरेल आणि चाचणी खोटी ठरेल.

आता गाडी नीट सुरू होत असेल, बुडबुडे गेले असतील, सकाळी एका सेल्फला लागत असेल, तर टाकी ते फीड पंप यामध्येच दोष आहे. पुढच्या एकाही भागाला हात लावायची गरज नाही. फरक पडला नाही तर दोष फीड पंप किंवा त्याच्या पुढे. एवढ्या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते. फक्त कॅन लावून माल भरून घाटात जाऊ नका. ही चाचणी यार्डातली.

टाकी

टाकी अर्धी झाल्यावरच त्रास होत असेल तर टाकीतली उभी सक्शन नळी बाहेर काढा. तिला मध्येच चीर असते. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत काहीच कळत नाही, पातळी खाली गेली की नळी हवा पिते. टाकीच्या तळाची जाळीही याच वेळी बघा. कापडाची चिंधी, झाकणाच्या सीलचा तुकडा, गंजाचे पापुद्रे असलं काहीबाही निघतं.

नळी फुंकायची तर फीड पंपाकडून सोडवून, झाकण उघडं ठेवून, टाकीकडे, थोड्या हवेने. फीड पंप किंवा फिल्टर जोडलेला असताना हवा मारू नका. फुंकून त्रास गेला आणि आठवड्याने परत आला, तर गाळ आतच फिरतोय. टाकी उतरवून धुवायला हवी.

टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरच्या घरी, ओळखीच्या वेल्डरकडे करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेटते आणि टाकी फुटते. हे काम रोज टाक्या करणाऱ्याकडेच द्यायचं.

प्रेशर मीटरवर बघणं

इथपर्यंत काही सापडलं नाही तर अंदाज बंद, मीटर आणा. ० ते ४ बारचं छोटं मीटर आणि बॅन्जोला बसणारा टी-जोड लागतो. पंप-नोजलच्या दुकानात मिळतो. मीटर दुसऱ्या फिल्टरनंतर, गॅलरीच्या तोंडाशी लावा. यातल्या बहुतेक इनलाइन पंपांत गॅलरीला १ ते १.५ बार, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत १५ ते २२ पाउंड असायला हवेत. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला धरा.

न्यूट्रलला एकदा, पूर्ण रेसला एकदा, आणि खरी गोष्ट म्हणजे भरलेल्या गाडीत छोट्या चढावर एकदा. मीटर बाहेरून आरशाच्या पट्टीला बांधा आणि क्लीनरला वाचायला सांगा. डिझेलची नळी केबिनमध्ये कधीही आणू नका.

लोडवर प्रेशर पडलं तर मीटर काढून फिल्टरच्या आधी लावा. आधी चांगलं आणि नंतर कमी: फिल्टर. दोन्हीकडे कमी: फीड पंप, सक्शन किंवा ओव्हरफ्लो. दोन्हीकडे चांगलं आणि तरीही गाडी ओढत नाही: डिझेल पोचतंय, दोष इंजेक्शन पंप, नोजल, टायमिंग किंवा हवेचा आहे.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्हबद्दल जरा थांबून सांगायला हवं. बाहेरून तो साध्या बॅन्जो बोल्टसारखा दिसतो, पण आत स्प्रिंग आणि गोळी असते आणि गॅलरीचं प्रेशर तीच धरून ठेवते. रस्त्यात कुणीतरी वायसर बदलताना तिथे साधा पोकळ बोल्ट घातला, की डिझेल अडथळ्याविना टाकीत परत जातं, प्रेशर कायमचं कमी राहतं आणि फीड पंपावर खापर फुटतं. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हा बोल्ट काढून बघाच. फुंकून हवा दोन्हीकडून सहज जात असेल तर तो साधा बोल्ट आहे किंवा स्प्रिंग मेलीय. तपासायचा दुसरा मार्ग: रिटर्नचा भाग रबरी असेल तर न्यूट्रलला दोन-तीन सेकंद चिमटा आणि मीटर बघा. काटा झटकन वर गेला तर फीड पंप चांगला आहे, व्हॉल्व्ह खराब.

फीड पंप

सक्शन स्वच्छ, फिल्टर नवे, ओव्हरफ्लो बरा, तरी प्रेशर नाही, तेव्हाच फीड पंप काढायचा. दोन-तीन नट सोडवले की हातात येतो. आधी बाहेरून सगळं डिझेलने धुऊन घ्या, नाहीतर माती पंपाच्या कॅमपेटीत पडेल.

आत बघायचं ते असं. दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: बैठकीवर कचरा किंवा खाच आहे का. त्यांच्या स्प्रिंग: तुटलेल्या, वाकलेल्या. पिस्टन आपल्या घरात किती खडखडतो. बाहेरची बॉडी झिजली असेल तर किट घालून उपयोग नाही, फीड पंप पूर्ण बदला. रोलर चपटा झालाय का. प्रायमरचं सील. किटचे व्हॉल्व्ह उलटे बसवण्याची चूक फार होते. काढताना फोटो काढून ठेवा.

काढण्याआधी इंजिनची ऑइलपट्टी ओढून बघा, हे विसरू नका. ऑइल खुणेच्या वर गेलंय, पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय? तर फीड पंपाच्या दांड्याचं सील झिजून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतंय. डायफ्रॅमचा फीड पंप असलेल्या इंजिनात फाटलेल्या डायफ्रॅमने हेच होतं. अशी गाडी 'घरापर्यंत नेऊ' म्हणून चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. फीड पंप, ऑइल आणि ऑइल फिल्टर तिन्ही बदलूनच सुरू करा.

इथे थांबा

पुढचं काम पंपवाल्याचं. इंजेक्शन पंपाचे एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात बसवलेले असतात, आणि टेस्ट बेंचवर लावल्याशिवाय प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातंय ते कुणालाच कळत नाही. सांगली-मिरज, कराड, सातारा, कोल्हापूर, कुठेही गेलात तरी कॅलिब्रेशनचा बेंच स्वतःचा आहे का ते आधी विचारा. 'अंदाजाने सेट करतो' म्हणणाऱ्याकडे पंप देऊ नका.

पंप उतरवायचा केव्हा: गॅलरीचं प्रेशर लोडवरही ठीक आहे आणि ताकद नाही, इंजिन गरम झाल्यावर बंद केलं की परत सुरू होत नाही, थंड झाल्यावर होतं (झिजलेल्या एलिमेंटमधून गरम, पातळ डिझेल निसटतं), एखादाच सिलिंडर सतत मिसिंग करतो आणि नोजल बदलूनही करतो, गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा पंपाचा भाग) अडकून इंजिन स्वतःहून रेस घेतं. शेवटची गोष्ट झाली तर गाडी एक फूटही पुढे नेऊ नका.

पंपाच्या सील केलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. 'पंप थोडा वाढवून देतो' म्हणणारे पैशाला पासरी भेटतात. डिझेल कमी पडण्याचं कारण टाकीच्या जाळीत असताना पंप वाढवला, की जाळी साफ केल्यावर गाडी काळा धूर ओकते, अ‍ॅव्हरेज जातं आणि गरम घाटात पिस्टन-हेडवर ताण येतो.

आणखी एक. भर घाटात इंजिन बंद पडत असेल तर प्रायमर मारत, ढकलत पुढे जाऊ नका. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, ब्रेकची हवा भरणं बंद, आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड. गाडी कडेला, मागच्या चाकांना उटी, मागे लांबवर त्रिकोण, आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. त्याला फोनवर नुसतं 'गाडी बंद पडली' न सांगता हे सांगा: धुराचा रंग, टाकीत किती डिझेल आहे, प्रायमर टणक होतो की पोकळ जातो, आणि शेवटचा फिल्टर कधी बदलला. एवढं कळलं की तो येतानाच बरोबर सामान घेऊन येतो.